पांढऱ्या झाडाचं पाणी

तिला गावात सगळे बाटलीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळल्यावर. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. जी बाई एकतीस वर्षं खांद्याला काचेच्या बाटल्यांची पेटी अडकवून नळापुढे, विहिरीपुढे, टाकीपुढे वाकत आली, तिला लोक दुसरं काय म्हणणार? पाणीपुरवठा खात्याच्या बैठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. एका खोलीत बाटल्या धुवायच्या, दुसरीत पाणी तपासायचं. बाटल्या उकळायचं भांडं, जंतू वाढवून बघायची उबदार पेटी, एक खिडकी, एक स्टूल, आणि टेबलाच्या खणात दोन रबरी शिक्के: ‘पिण्यास योग्य’ आणि ‘पिण्यास अयोग्य’. पहिल्याची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. दुसऱ्याची अजून खरखरीत होती.

लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही याची चौकशी करून लोक दमले आणि मग गप्प बसले. कुणाकडे गेली की पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरायची, मग ओठाला लावायची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हिचं तोंड कशानंच पोळलं नाही तरी ही पाणी फुंकून पिते, असं तिची वहिनी म्हणे. पण वहिनीचं बोलणं तिला कधी लागलं नाही. दोघींचं जमायचं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं त्यानं गावात नळाची कामं केली. भाऊ पाणी आणतो आणि बहीण पास-नापास करते, असं लोक गमतीनं म्हणत. दादाचं नाव झालं होतं ते त्याच्या कानामुळे. भिंतीच्या आत कुठेतरी नळी गळतेय अशी तक्रार आली, की तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक भिंतीला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. मग बोट ठेवून सांगायचा, इथे. फरशी एकदाच फुटायची आणि पाणी तिथेच सापडायचं. कामातून मोकळा झाल्यावर तो आणि वहिनी गावाच्या कडेला, रान सुरू होतं तिथे, तीन खोल्यांच्या घरात राहायला गेले. घरामागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे पांढरी झाडं.

पांढरं झाड म्हणजे भूर्ज. त्याच्या सालीवर एके काळी पोथ्या लिहीत. पण रानात ते इतकं माजलेलं की कुणाला त्याचं कौतुक नव्हतं.

थंडी सरत आली होती, बर्फ कडेकडेनं वितळत होतं, तेव्हा एका सकाळी दादा प्रयोगशाळेत आला. कोटाच्या आतून त्यानं एक बाटली काढली आणि तिच्या टेबलावर ठेवली. आत पाण्यासारखं पाणी होतं.

“चीक नाही, डिंक नाही,” तो म्हणाला. “गिरमिटानं बोटभर भोक पाडलं आणि हे यायला लागलं. रात्रभरात अर्धी बादली. चिमणे, हे पिण्यासारखं आहे का, एवढं मला सांग.”

तिला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायची तिला सवय नव्हती. तिनं बाटली ठेवून घेतली. जुनी पुस्तकं काढली, जिल्ह्याच्या वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. सगळीकडून एकच कळलं. थंडी संपून पालवी फुटेपर्यंत तीन-चार आठवडे हा रस वाहतो, बऱ्याच देशांत लोक तो पितात, त्यात पाणी जास्त आणि साखर नावाला. ताजा असेल तर अपाय नाही, मात्र दुधासारखा नासतो, म्हणून त्याच दिवशी प्यावा किंवा उकळून घ्यावा. झाड ओळखता आलं पाहिजे. रस्त्याकडेचं झाड नको. या झाडाच्या परागानं ज्याला शिंका येतात त्यानं जपून.

मग तिनं नेहमीची तपासणी केली. जंतू, आंबटपणा, जडपणा, गढूळपणा. सगळं ठीक निघालं. झाडाच्या पाण्यासाठी खात्याचा छापील कागद नव्हता, म्हणून नळाच्या पाण्याचाच घेतला, ‘नळ/विहीर’ खोडून वर ‘झाड’ लिहिलं आणि गुळगुळीत मुठीचा शिक्का मारला. वरच्या साहेबांनी तो कागद पाहिला तेव्हा ते पोट धरून हसले. उद्या लोक ढगाचं पाणी घेऊन येतील, म्हणाले.

दादानं तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला. गावात बाटलीबाईचा शिक्का म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेजारच्या शिंपीणबाईनं तो वाचला आणि तिनंही दादाकडून दोन झाडांना भोकं पाडून घेतली. पलीकडे राहणारे निवृत्त मास्तर दादाशी बोलत नसत. कुंपण हातभर कुणाच्या बाजूला सरकलंय यावरून तीन वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांनी शिंपिणीकडून ऐकलं, आणि तिच्याच मार्फत दादाकडच्या तीन नळ्या मागवून घेतल्या. महिन्याच्या आत कुंपणामागे नऊ झाडांना नळ्या लागल्या होत्या आणि नऊ बादल्या भरत होत्या.

या सगळ्यात वहिनीनं मात्र एक थेंब तोंडात घेतला नाही. झाडाच्या अंगातलं काढून प्यायचं म्हणजे मला कसंतरी होतं, असं तिनं सांगितलं आणि चहाला नळाचं पाणी ठेवलं.

पाचव्या आठवड्यात, रविवारी, ती दादाकडे जेवायला गेली. ऊन चांगलं तापलं होतं. फाटक उघडून ती घराला वळसा घालून मागे गेली आणि तिथेच उभी राहिली.

कुंपणापलीकडे तिघं उभे होते. दादा एका झाडाशी, वीस पावलांवर शिंपीणबाई दुसऱ्याशी, आणि तिकडे लांब मास्तर. तिघांचेही कान खोडाला लावलेले होते, तिघांचीही तोंडं तिच्याकडे होती, आणि तिघांचेही डोळे मिटलेले. कुणी हलत नव्हतं. झाडांना पालवी फुटून आठवडा झाला होता, म्हणजे रस थांबायला हवा होता. तो थांबला नव्हता. नऊ बादल्यांत थेंब पडत होते, एवढाच आवाज.

तिनं हाक मारली. दादानं डोळे उघडले, पण तिला ओळखायला त्याला क्षणभर लागलं. थोड्याच दिवसांत तो वाळला होता. चेहऱ्यावर राखेचा रंग आला होता.

“कसली गळती शोधतोयस?” तिनं विचारलं.

“गळती नाही. कुणीतरी चढतंय,” दादा म्हणाला. “अनवाणी. लाकडी जिना असावा तसं. बावीस पायऱ्या चढतं, थांबतं, आणि मग एक पायरी खाली येतं. पुन्हा पहिल्यापासून.”

त्यानं ते अगदी साध्या सुरात सांगितलं. तिनं त्याच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक खोडाला टेकवलं, मूठ कानाला लावली. तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं, दुसरं काही नाही. खोड मात्र गार होतं, उन्हात असूनही.

बादलीतलं पाणी तिनं हुंगलं. आंबूस वास होता. हे कालचं आहे का, तिनं विचारलं. परवाचं, दादा म्हणाला. आंबलं की जास्त चांगलं लागतं, गोडसर आंबट. तिनं त्याला झापलं. ताजं प्यायचं म्हणून बजावलं होतं ना? त्यानं मान हलवली, पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

परत येताना कुंपणाशी मास्तर भेटले. दादा घरात गेल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, तुमच्या प्रयोगशाळेत आवाज तपासायची काही सोय आहे का? तिनं विचारलं, कसला आवाज. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बोटं मोजत सांगितलं. जिना. अनवाणी पाय. बावीस, थांबणं, आणि एक खाली. गणिताचे मास्तर होते ते, मोजण्यात त्यांची चूक व्हायची नाही. हे तुम्हाला माझ्या भावानं सांगितलं का, असं तिनं विचारताच त्यांचा चेहरा कडक झाला. त्या माणसाशी मी तीन वर्षांत शब्द बोललेलो नाही, ते म्हणाले.

शिंपीणबाईला तर तिनं काही विचारलंही नाही. ती आपल्या दारात मांडीवर कापड घेऊन बसली होती, सुई हातात होती, पण टाके पडत नव्हते. हिच्याकडे न बघताच ती म्हणाली, “एकवीसपर्यंत नीट येतं हो. बाविसाव्याला पाय जड पडतो.”

स्वयंपाकघरात वहिनीनं दार लोटून घेतलं आणि मग तिचा बांध फुटला. दादा जेवत नव्हता. पोटात कळ येऊन दुमडून बसायचा. विचारलेलं विसरायचा, सांगितलेलं पुन्हा सांगायचा. परवा सिंकखालची नळी घट्ट करायला बसला, तर उजव्या हातातून पाना तीनदा गळून पडला. ज्या हातानं चाळीस वर्षं पाना धरला, तो हात मनगटातून खाली लोंबतोय असं वाटत होतं.

“आणि दुपारी बसल्या बसल्या वर बघतो,” वहिनी म्हणाली. “मला म्हणतो, वरच्या मजल्यावर कोण आहे ते बघून ये. अगं, आपल्या घराला वरचा मजला आहे का?”

नव्हता. घर बैठं होतं, वर नुसतं उतरतं छप्पर.

ती जेवली नाही. बादलीतला नमुना बाटलीत भरून तडक प्रयोगशाळेत गेली, रविवार असून कुलूप काढलं, आणि पुन्हा सगळं केलं. आंबटपणा वाढला होता, थोडे जंतू होते, आंबलेल्या कुठल्याही रसात असतात तेवढे. माणसाचा हात लोंबकळावा असं काही नव्हतं. माणसाला जिना ऐकू यावा असं तर नव्हतंच. ती स्टुलावर बसून राहिली. आपला शिक्का खरा असेल, तर मग त्या तिघांना झालंय काय? आणि खोटा असेल, तर कुठे?

तिनं वहिनीला फोन करून सांगितलं की सगळ्या बादल्या ओतून दे, आणि उद्या सकाळी दादाला इस्पितळात न्यायचं. वहिनीनं बादल्या ओतल्या. मास्तरांच्या बादल्या मास्तरांनी ओतू दिल्या नाहीत.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती दादाला न्यायला पोचली, तेव्हा वहिनी कुंपणाशी उभी होती आणि रडतही नव्हती. मास्तर पांढऱ्या झाडाखाली मरून पडले होते, उताणे. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पायात बूट नाहीत, मोजे नाहीत, तळव्यांना सालीची पांढरी भुकटी लागलेली. ते झाडावर चढले होते. किती वर गेले होते ते मोडलेल्या फांद्यांवरून कळत होतं. इतक्या वर तरणाताठा माणूसही गेला नसता.

वहिनीनं त्यांना चढताना पाहिलं नव्हतं. पण त्याआधी ते कुंपणापाशी येऊन तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलले होते. आधी त्यांनी कुंपणाबद्दल माफी मागितली. मग म्हणाले, “वर बघून येतो. बावीस चढतं आणि एकच उतरतं. हिशेब जुळत नाही. उरलेल्या एकवीस पायऱ्यांवर आहे कोण?”

वहिनीला वाटलं, म्हातारा काहीतरी कोडं घालतोय. ती आत गेली, दादाला सदरा घालायला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दादाला हात पुढे करायला सांगितलं. उजवा पंजा मनगटातून खाली पडला. पोट दाबून पाहिलं. मग तोंड उघडायला सांगून दिवा धरला आणि बराच वेळ हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढावी तशी.

“शिशाचं काही काम करता का?” त्यांनी विचारलं.

दादा म्हणाला, आता नाही, पूर्वी. बाटलीबाई भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टरीणबाईंना कळायच्या आधी तिला कळलं होतं.

नळ्या. जुन्या घरांत एके काळी शिशाच्या नळ्या असत. त्या काढून नव्या टाकायचं काम दादानंच केलं होतं, आणि काढलेली एक वस्तू त्यानं आयुष्यात कधी फेकली नव्हती. शिसं मऊ, हातानं वाकतं, भोकात गच्च बसतं, झाडाला इजा होत नाही. नऊ झाडांना त्यानं त्याच नळ्यांचे तुकडे लावले होते. त्यातून रस रात्रंदिवस ठिबकत होता, नळीच्या तोंडाशी साचून आंबत होता, आणि आंबट रसात शिसं विरघळतं. शिशाची चव गोडसर असते. पुस्तकात वाचलेलं हे सगळं तिच्या डोक्यात होतं. तिच्या दोन खोल्यांत धातू तपासायची सोय नव्हती. असले नमुने शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे असत. तिनं पाठवला नाही, कारण तिच्या मनात ते आलंच नाही. झाड कसलं, हे तिनं दादाला दोनदा विचारलं होतं. नळी कसली, हे एकदाही नाही.

शिंपीणबाईलाही इस्पितळात बोलावून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे अहवाल आले. दादाचं आणि शिंपीणबाईचं, दोघांचंही शिसं नको तितकं वर होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एवढ्यानं पोटात कळा येतात, हात पडतो, माणूस भ्रमिष्ट होतो, काहीबाही ऐकू येऊ शकतं. तिघांना एकच कसं ऐकू आलं, ते तिनं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, शेजारी शेजारी राहणारी माणसं नकळत एकमेकांचं उचलतात. ते तिला पटलं नाही, पण धरून ठेवायला तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून साहेबांपुढे गेली आणि झालेलं सगळं लिहून दिलं. आपण काय तपासलं, काय तपासायला हवं होतं, शिक्का कुणी मारला. साहेब या वेळी हसले नाहीत. दादाच्या आजाराचं ऐकून त्यांनी तिला बसायला सांगितलं, मग म्हणाले की झाडाच्या पाण्याचा अहवाल देणं खात्याचं कामच नव्हतं, तेव्हा हा कागद नव्हताच असं धरू. ती म्हणाली, कागद भिंतीला चिकटवलेला आहे, साहेब, आणि मास्तरांना उद्या न्यायचंय. तिच्या नावावर शेरा बसला. तो तिनं सही करून घेतला.

मास्तरांना पोचवून आल्यावर तिनं पक्कड घेऊन नऊच्या नऊ नळ्या उपटल्या. भर दुपार होती. वहिनी पोतं धरून मागे चालत होती. नळ्या निघाल्या तरी भोकांतून रस येतच होता, खोडावरून ओघळून मुळाशी जात होता. शेवटची नळी मास्तरांच्या झाडाची होती. ती निघताना वहिनी एकदम थांबली आणि वर बघायला लागली. काय झालं, हिनं विचारलं. काही नाही, वहिनी म्हणाली, फांदी हलल्यासारखी वाटली.

औषधं सुरू झाली. रक्तातलं शिसं धरून बाहेर काढणारी ती औषधं होती, आणि त्यांनी दादा आणखीच खंगला, पण तीन आठवड्यांत त्याची नजर ताळ्यावर आली. जिना आधी लांब गेला, मग अधूनमधून, मग थांबला. तो थांबला त्या दिवशी दादा रडला. का रडतोस, म्हणून तिनं विचारलं तर तो म्हणाला, ते अर्ध्यावर होतं गं, आणि मी सोडून आलो.

तिच्यापुढे आता एकच काम उरलं होतं. प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं खरं उत्तर अजून दिलं गेलं नव्हतं. तिनं रानात आत जाऊन कधीच भोक न पाडलेलं एक झाड निवडलं, नव्या स्टीलच्या नळीनं, उकळलेल्या काचेच्या बाटलीत नमुना घेतला. हंगाम केव्हाच उलटला होता, पानं तळहाताएवढी झाली होती, तरी रस आला. अर्धा नमुना शहरात पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं: शिसं नाही, इतर जड धातू नाहीत, अपायकारक काही आढळलं नाही.

म्हणजे झाड निर्दोष होतं. दोष माणसाच्या नळीचा, आणि तिच्या न विचारलेल्या प्रश्नाचा.

नमुना तोंडाला लावायचा नाही हा नियम तिनं एकतीस वर्षं पाळला होता. त्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्याच झाडाकडे गेली, ताजा रस घेतला, प्रयोगशाळेत येऊन उकळला, निववला, आणि काचेच्या पेल्यात ओतून उजेडाकडे धरला. मास्तर तिच्या शिक्क्यावर विसंबून प्यायले होते. आपण निदान एक पेला प्यावा, एवढंच तिला वाटलं. चव पाण्याहून थोडी निराळी होती, लाकूड भिजल्यासारखी, मागाहून जराशी गोड. तिनं पेला धुतला, पालथा घातला आणि नोंदवही उघडली.

दोन ओळी लिहून झाल्या असतील, तेव्हा वर पाय वाजला.

अनवाणी पाय, लाकडावर. मग दुसरा. खिडकीतून रस्ता दिसत होता, टपालवाला सायकल भिंतीला लावत होता, ऊन होतं. इमारत बैठी होती आणि वर नुसता पत्रा होता. पत्र्यावर कुणी चाललं तर पत्रा कडकडतो, लाकडाचा आवाज येत नाही. तिनं पेन खाली ठेवलं नाही. मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजत राहिली. एकविसाव्यापर्यंत नीट आलं. बाविसाव्याला पाय जड पडला. मग थांबणं, इतकं लांब की टपालवाला आत येऊन टपाल ठेवून निघून गेला. आणि मग खाली एक पायरी.

ती वाट बघत बसली. या वेळी तो आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला नाही. थोड्या वेळानं आणखी एक पायरी उतरल्याचा आवाज आला, आणि मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःचं रक्त तपासून घेतलं. शिशाचा मागमूस नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला झोपेची गरज आहे. तिनं ते कबूल केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दादाला सांगितलं, कारण तोच एक समजून घेईल असा होता. त्यानं डाव्या हातानं तिचा हात धरून ठेवला.

“उतरतंय?” त्यानं विचारलं.

“दोन उतरलं. पुढचं मी ऐकलं नाही.”

“मग आता पिऊ नकोस,” तो म्हणाला, आणि यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढचं आयुष्य तसं सरळ गेलं. दादाचा हात अर्धा सुधारला. पाना धरता येई, पण घट्ट आवळता येत नसे. शिंपीणबाई लेकीकडे राहायला गेली आणि तिकडेच रमली. तिची सुई मात्र सुटली ती सुटलीच. खात्याच्या छापील कागदावर बाटलीबाईनं हट्टानं एक नवा रकाना घालून घेतला: पाणी कशातून आलं आणि कशात साठवलं. लोक दरवर्षी थंडी सरताना विचारायला येत, बाई, पांढऱ्या झाडाचं पाणी प्यावं का हो? ती टाळायची नाही. समोर बसवून सगळं सांगायची. झाड ओळखा. त्याच दिवशीचं प्या, नाहीतर उकळा. नळी स्टीलची, भांडं काचेचं किंवा स्टीलचं. पालवी फुटली की थांबा. एवढं पाळलं तर धोका नाही. तिच्या सांगण्यावर विसंबून कितीतरी घरांनी ते प्यायलं आणि कुणालाही काही झालं नाही, ना पोटाला, ना कानाला. याचं तिला हायसं वाटे, आणि आश्चर्यही.

सहा वर्षांनी दादा गेला, झोपेतच, कसलाही त्रास न होता. रानाच्या कडेचं घर बंद करून वहिनी तिच्याकडे राहायला आली. तोवर तीही कामातून मोकळी झाली होती. दोघींचं दोन खोल्यांत छान चाललं. सकाळी बाजार, दुपारी थोडं पडणं, मग चहा, मग वहिनीच्या तोंडून गावभरच्या बातम्या.

एका दुपारी दोघी दादाचे जुने स्वेटर उसवत बसल्या होत्या, लोकर पुन्हा वापरता येईल म्हणून. आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता. वहिनीचे हात थांबले. तिनं वर पाहिलं.

“वर कोण चालतंय गं?”

वहिनीनं त्या झाडाचा एक थेंब कधी तोंडात घेतला नव्हता. मास्तरांच्या त्या कोड्यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं, आणि आता ते उतरतंय हे तर तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि हिला स्वतःला या घडीला काहीच ऐकू येत नव्हतं.

“पत्रा तापला की वाजतो,” ती म्हणाली.

“ऊन कुठाय?” वहिनी म्हणाली. मग थोडा वेळ कान देऊन राहिली. “म्हातारं माणूस आहे. हळू उतरतंय. एकेक पायरी.”

हिनं हातातली लोकर खाली ठेवली, उठून दाराची कडी लागली आहे का ते पाहिलं, आणि आपलं स्टूल ओढून वहिनीला अगदी लागून बसली. वहिनीनं तिचा हात मांडीवर घेतला. चहाची वेळ झाली होती, पण दोघींपैकी कुणीच उठलं नाही.